वेळ कुणाची, नियोजन कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी 'वेळेचे व्यवस्थापन आणि कार्यक्षमता' या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण होते. आशाताई, त्यांच्या गटप्रवर्तक, उपकेंद्रांतल्या नर्सबाई आणि गावातल्या खासगी दवाखान्यांत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या काही मुली, अशा साठेक जणी जमल्या होत्या. शेवटच्या सत्रात मला 'स्त्रिया आणि आरोग्य' यावर बोलायचे होते. माझे सत्र दुपारी तीनला. पण एसटी सकाळचीच सोयीची, म्हणून मी दहाच्या आधीच जाऊन बसले. त्यामुळे एरवी पाहुण्यांना जे दिसत नाही ते दिसले. कार्यक्रम दहाला सुरू व्हायचा होता. उद्घाटनाला साहेब यायचे होते. साहेब साडेअकराला आले. साठ बायका दीड तास प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होत्या. म्हणजे नव्वद तास. त्यांतल्या काही जणी पहाटे चारला उठून, घरच्यांचे दोन्ही वेळचे करून, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. वेळेच्या व्यवस्थापनाचे प्रशिक्षण अशा रीतीने सुरू झाले आणि त्यात कुणालाच, अगदी त्या बायकांनाही, काही वावगे वाटले नाही.

प्रशिक्षक शहरातून आलेले होते, तरुण होते, मनापासून शिकवत होते. त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडीचे नाही, तातडीचे पण महत्त्वाचे नाही, आणि दोन्ही नाही. पहिल्या चौकोनातले काम लगेच करायचे, दुसऱ्यातल्याला वेळ नेमून द्यायची, तिसऱ्यातले दुसऱ्यावर सोपवायचे, चौथ्यातले सोडून द्यायचे. कंपन्यांत, बँकांत हे चौकोन बरीच वर्षे शिकवले जातात. मग एक गटप्रवर्तक ताई उठल्या. म्हणाल्या, "सर, बाई अडलीय हे पहिल्या चौकोनात, ते कळलं. पण त्याच वेळी फोन येतो, आजच्या आज यादी पाठवा म्हणून. ती यादी कुठं घालायची?" सर म्हणाले, "ती तिसऱ्यात. ती दुसऱ्या कुणावर सोपवा." ताई म्हणाल्या, "आमच्याखाली कोण आहे, सर?"

सगळ्या हसल्या, सरही हसले, आणि चहा आला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. आरोग्यसेवेची उतरंड आपण सगळ्या जाणतो. काम वरून खाली येते आणि जिच्याखाली कुणी नाही तिच्यापाशी येऊन थांबते. मग वेळेचे नियोजन शिकवायचेच असेल तर ते उतरंडीच्या तळाशी बसलेल्या बाईपासून का सुरू करायचे? तिच्या हातात कुठली वेळ आहे, जी तिने नेमून द्यावी?

आधीच सांगते, नियोजन ही गोष्टच खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्या काही मैत्रिणी अशा विषयांना 'भांडवली खूळ' म्हणून नाक मुरडतात. त्या दिवशी त्याच सरांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी बायकांनी वहीत उतरवून घेतल्या आणि त्या उपयोगी होत्या. एका वस्तीतल्या सगळ्या गृहभेटी एकाच फेरीत घ्या, नोंद त्याच दिवशी संध्याकाळी पुरी करा, महिनाअखेरीवर टाकू नका, लसीकरणाच्या दिवसाआधी आदल्या संध्याकाळीच आयांना निरोप द्या. अनुभवी नर्सबाईंना हे कुणी शिकवावे लागत नाही, पण नव्या मुलींना सांगितलेले बरे. एवढ्याने रोजचा एखादा हेलपाटा वाचतो. हेलपाटा वाचणे म्हणजे भर उन्हातली दीड-दोन किलोमीटरची पायपीट वाचणे, ती काही थोडी गोष्ट नव्हे. माझा आक्षेप वेगळाच आहे. वेळ वाया जाते ती कुणामुळे, हा प्रश्न त्या दिवसभरात एकदाही विचारला गेला नाही.

या 'कार्यक्षमते'च्या शास्त्राचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने स्टॉपवॉच घेऊन कारखान्यातल्या कामगारांच्या कामाचे मिनिटामिनिटाचे हिशेब मांडले. त्याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवरा-बायकोने कामातल्या हालचालींचा अभ्यास केला. (लिलियनबाईंना बारा मुले झाली, स्वयंपाकघरातली पावले कशी वाचवावीत यावरही त्यांनी पुढे काम केले. बारा मुलांच्या आईला पावले मोजावीशी वाटली यात नवल नाही.) फ्रँक गिलब्रेथने शस्त्रक्रियेची खोलीही पाहिली. सर्जन स्वतःच हत्यारे शोधत बसतो, त्यात त्याचा वेळ जातो, तेव्हा शेजारी एक परिचारिका उभी असावी आणि सर्जनने मागितले की ते हत्यार तिने त्याच्या हातात द्यावे, ही सूचना त्याची. आज आपल्याला ही रीत इतकी नैसर्गिक वाटते की ती कुणाच्या डोक्यातून निघाली असेल असे मनातही येत नाही.

सूचना चांगलीच होती. रुग्ण पोट उघडून टेबलावर पडलेला असताना सर्जनने चिमटा शोधत बसू नये, हे कोण नाकारील? पण वाचवलेली वेळ हवेतून येत नाही हेही त्यात दिसते. सर्जनची वेळ वाचली ती दुसऱ्या एका बाईने आपली वेळ हात पुढे करून उभे राहण्यात घातली म्हणून. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याला कारण आहे. तेच गणित खोलीबाहेर आले, दवाखान्याच्या दारात आणि उपकेंद्राच्या ओट्यावर आले, की मोठ्या माणसाची वेळ वाचवण्यासाठी लहान माणसाने ताटकळायचे, असा त्याचा अर्थ होतो. आणि आपल्याकडे मोठे कोण, लहान कोण हे शिक्षणावरून ठरते, जातीवरून ठरते, आणि बाई की पुरुष यावरून तर ठरतेच.

त्या प्रशिक्षणाला आलेल्या दवाखान्यातल्या मुलींचे पाहा. तालुक्याच्या गावांत आणि शहरांच्या उपनगरांत लहान लहान खासगी रुग्णालये आहेत. तिथे पांढरा किंवा गुलाबी कोट घातलेली जी मुलगी आपल्याला 'सिस्टर' म्हणून भेटते ती अनेकदा परिचारिकेचे शिक्षण घेतलेली नसते. बारावी झालेली, घरात लग्नाची घाई असलेली, किंवा नवऱ्याने टाकलेली, अशी ती असते. डॉक्टरांनी आणि जुन्या सिस्टरने जेवढे दाखवले तेवढे शिकलेली. ती केसपेपर काढते, पैसे घेते, रक्तदाब मोजते, सलाईनची बाटली बदलते, फोन घेते, लादीवरची ओकारीही पुसते. त्यांतली एक मुलगी जेवताना माझ्या शेजारी होती. ती सांगत होती, "ड्यूटी सकाळी नऊ ते रात्री नऊ. पण सर रात्री राउंडला कधी येतील ते सांगता येत नाही. कधी साडेनऊ, कधी अकरा. सर येईपर्यंत निघता येत नाही." मी विचारले, त्या जादा वेळेचे पैसे? ती म्हणाली, "त्या वेळात काम कुठं असतं, ताई? नुसतं बसायचं असतं."

नुसतं बसायचं असतं! रात्री अकराला तिला घरी जायला रिक्षा मिळत नाही, भाऊ न्यायला येतो, तो चिडतो, नोकरी सोड म्हणतो. तरीही ती वेळ तिच्या लेखीसुद्धा 'काम' नाही. आपल्या भाषेत वाट पाहण्याला शब्द किती आहेत पाहा: ताटकळणे, तिष्ठणे, खोळंबणे. ते वापरायची वेळ बायकांवर किती येते ते आपल्याला ठाऊक आहे. हजेरीपत्रकात मात्र यांतल्या एकाही शब्दाला रकाना नाही.

आता आशांकडे येते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायची असे ठरले. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, गावातलीच सून किंवा लेक आहे, असे सांगितले गेले. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तिच्याकडून आठवड्यातले सुमारे चार दिवस, दिवसाला दोन ते तीन तास एवढ्याच कामाची अपेक्षा धरलेली आहे. प्रशिक्षणे आणि मोहिमा वेगळ्या. म्हणजे कागदावर आठवड्याला आठ ते बारा तास. स्वयंसेविका म्हणायचे असेल तर हे तास कमीच दाखवायला हवेत, हे उघड आहे. तास वाढले की ती कामगार ठरते, आणि कामगार ठरली की किमान वेतन आले, रजा आली, निवृत्तिवेतन आले. २०१३ सालच्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केलीच होती. ती शिफारसच राहिली.

आमच्या गटात आम्ही एक जुनाच खेळ पुन्हा केला. चोवीस तासांचे घड्याळ कागदावर काढायचे आणि काल दिवसभर काय केले ते त्यात भरायचे. पूर्वीच्या शिबिरांत घरकाम दाखवायला आपण हा खेळ घेत असू. या वेळी आशांना एक वेगळा रंग दिला: ज्या ज्या वेळी दुसऱ्या कुणासाठी थांबावे लागले ती वेळ लाल रंगाने भरायची. एकीचे घड्याळ माझ्याकडे आहे. पहाटे पाच ते आठ घर. आठ ते साडेनऊ दोन गृहभेटी. मग एका गरोदर बाईला सोनोग्राफीसाठी ग्रामीण रुग्णालयात घेऊन जाणे. गाडीची वाट, लाल. रुग्णालयात नंबराची वाट, लाल. सोनोग्राफीवाले डॉक्टर त्या दिवशी दुपारनंतर आले, लाल. परतीच्या गाडीची वाट, लाल. घरी संध्याकाळी पाच. पाच ते आठ पुन्हा घर. आठ ते साडेनऊ मोबाईलवर माहिती भरणे. त्यातही 'नेट नाही' म्हणून अर्धा तास लाल. तिने कागद वर धरला तेव्हा दुपारचा सगळा भाग लाल होता. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काम उरकत नाही."

त्या एका वाक्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. वेळेचे व्यवस्थापन शिकवताना आपण नकळत हेच शिकवतो: काम उरकत नाही याचा दोष तुझा आहे, तुला नीट जमत नाही. आणि बायकांना असा दोष अंगाला लावून घ्यायची सवय लहानपणापासून असते.

घरचा वाटा तर कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर पाहणीत असे दिसले की बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटे वाचली! आणि यात जे पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत ते धरलेलेच नाहीत. सकाळी आठला गृहभेटीला निघणाऱ्या आशेच्या पाठीमागे हे पावणेपाच तास उभे असतात. तिच्या साहेबांच्या पाठीमागे ते तास भरून काढणारी दुसरी बाई असते.

मोबदल्याची रीत या सगळ्यावर कडी करते. आशेला पैसे मिळतात ते मुख्यतः कामागणिक. उदाहरणार्थ, नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचे काम. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्या स्त्रियांना हे काम शिकवले, बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि २०११ पासून हा कार्यक्रम देशभर आशांकडे आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. आणि ते कधी द्यायचे? तर वजनाची नोंद झालेली, जन्माची नोंदणी झालेली, लसी टोचलेल्या, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघेही सुखरूप असले तर, अशा अटी सूचनांमध्ये घातल्या गेल्या. ज्या घरात बाळ वाचले नाही तिथे तिने घातलेल्या खेपा आणि जागलेल्या रात्री हिशेबात कुठे बसवायच्या? जिथे तिची सर्वांत जास्त वेळ गेली असेल तिथेच मोबदला नाही.

या तपासणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आशेच्या पेटीत वजनकाटा, थर्मामीटर असतो, तसे एक सेकंद दाखवणारे घड्याळही असते. ते बाळाचा श्वास मोजायला. बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे, आणि तरीही तेवढेच आले तर ते धोक्याचे लक्षण. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भरभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो. त्या मिनिटातले एक सेकंदही कुठल्याच व्यवस्थापनाने वाचवता येणार नाही. बाळ रडत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबावे लागते, मग मिनिट सुरू होते.

आमच्या गटातल्या एका आशेने सांगितलेली हकीगत लिहिते. तिची परवानगी आहे, नाव-गाव लिहू नका म्हणाली. सातव्या दिवसाची भेट होती. त्याच सकाळी कुठल्याशा कार्डांची यादी अकराच्या आत मागितली होती. ती बाळाजवळ बसली आणि फोन वाजला. पुन्हा वाजला. बाळ कुरकुरत होते. तिने अर्धा मिनिट मोजले, दुप्पट केले, पन्नासच्या आसपास आकडा आला, तो लिहिला आणि उठली. संध्याकाळी बाळाची आजी दारात आली, बाळ पाजायला घेत नाही म्हणून. तिने पुन्हा मोजले, पूर्ण मिनिट, दोनदा. सत्तरच्या वर. रात्रीच गाडी बोलावून बाळाला रुग्णालयात नेले. ते वाचले, आज ते चालते-बोलते आहे. पण ती सांगत होती तेव्हा तिचा आवाज थरथरत होता. "यादी वेळेत गेली, ताई. माझं नाव ग्रुपवर पहिल्या पाचात आलं, अंगठे आले."

आता मला सांगा, त्या दिवशी ती कार्यक्षम होती की नव्हती? मोजणाऱ्यांच्या लेखी होती. यादी दिसते, वेळेवर आलेली दिसते. मोजलेला श्वास आणि न मोजलेला श्वास कागदावर सारखेच दिसतात.

आपल्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचे दिवस आठवा. मार्च आला की नर्सबाई 'केसेस'च्या मागे धावत. उद्दिष्ट पुरे झाले नाही तर बोलणी, पगाराला कात्री, बदलीची धमकी. बाळंतपणाला मदत करायला म्हणून शिकलेली ती बाई, तिची ओळख गावात 'ऑपरेशनवाली' अशी झाली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला 'बहुउद्देशीय' केले होते, पण वर्षाच्या शेवटी उद्देश एकच उरत असे. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. १९९६ च्या एप्रिलमध्ये केंद्राने देशभरची उद्दिष्टे काढून घेतली. आकड्यांचा सोस मात्र गेला नाही, तो दुसऱ्या रकान्यांत शिरला. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरमध्ये, राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा एका पथकाने दिवसाला पन्नास घरे करायची होती. आठ तास न थांबता चालले तरी एका घराला दहा मिनिटेही येत नाहीत, आणि तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाचे तापमान, प्राणवायू, आजारांची चौकशी आणि पुढच्या घरापर्यंतचे चालणे. त्या काळात केंद्राकडून आशांना कोविडच्या कामाचे महिन्याला १००० रुपये होते. दिवसाला तेहतीस. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आनंद झालाच. पण महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये संप करावा लागला, २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला, आणि आझाद मैदानावर ठिय्या दिल्यावरच २०२४ च्या मार्चमध्ये राज्याने मोबदल्यात ५००० रुपयांची वाढ मंजूर केली. २०२३ च्या संपात सक्तीच्या ऑनलाइन कामाला विरोध हीही एक मागणी होती. वर्तमानपत्रांनी पैशांची मागणी छापली, ही बहुधा तळाशी एका ओळीत आली. मला ती मागणी वेळेवरच्या हक्काची वाटते.

थोडे आपल्याबद्दलही लिहायला हवे. आपल्या संघटना आशांना आणि नर्सबाईंना कशा वागवतात? रविवारची बैठक, मोर्चा, सर्वेक्षणाचे फॉर्म, 'तुमच्या गावातल्या दहा बायका घेऊन या'. मीही हे केले आहे. बैठक दोनला म्हणून सांगायची आणि मुंबईहून येणारी पाहुणी पोचेपर्यंत चार वाजवायचे. आपण प्रेमाने बोलतो, ताई म्हणतो, त्यामुळे त्यांना ते खुपत नाही असे आपण धरून चालतो. त्या घड्याळांच्या कागदांवर लाल रंगात एका ठिकाणी आमच्याच बैठकीचे नाव होते. ते वाचताना मला चांगलीच लाज वाटली.

मग करायचे काय? प्रशिक्षणांवर बहिष्कार टाकायला मी सांगणार नाही. मला वाटते, वेळेचा हा विषय त्यांच्या हातातून काढून आपण आपला करावा. पहिली गोष्ट, तास लिहायचे. मोर्चात 'आम्ही चोवीस तास राबतो' ही घोषणा ठीक आहे, पण वाटाघाटीच्या टेबलावर ती चालत नाही. तिथे वही लागते. प्रत्येक गावातल्या दोघी-तिघींनी एक महिना रोजची वेळ लिहावी, आणि थांबण्याची वेळ वेगळी लिहावी, कुणासाठी थांबले त्या नावासह. आठवड्याला आठ ते बारा तास हे सरकारचेच गृहीत आहे. त्याच्या शेजारी आपली वही ठेवावी. दुसरी मागणी साधी आहे: गृहभेटीच्या वेळात वरून फोन येणार नाही. सकाळचे दोन तास तरी. 'आजच्या आज' मागितलेल्या प्रत्येक यादीवर ती कुणी मागितली, कशासाठी, आणि ती करायला किती तास लागतील हे लिहून यावे. तोंडी हुकूम नको. तिसरी, थांबण्याचे पैसे. गरोदर बाईबरोबर रुग्णालयात गेलेल्या आशेला तिथे बसायला जागा आणि बसलेल्या वेळेचा मोबदला, दोन्ही हवे. खासगी दवाखान्यांतल्या मुलींचे काम सर्वांत अवघड, कारण त्या विखुरलेल्या आहेत, एकेका दवाखान्यात तिघी-चौघी. तालुक्यातल्या सगळ्या दवाखान्यांतल्या मुली एकत्र बसल्याचे मी अजून कुठे पाहिले नाही. ज्या गटांनी असा प्रयत्न केला असेल त्यांनी मासिकाकडे जरूर लिहावे.

आमच्या भागात एवढे झाले आहे: ज्यांनी घड्याळे रंगवली त्या आशांनी पुढे महिनाभर वह्या लिहिल्या आणि त्यांच्या गटप्रवर्तक ताईंनी त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत टेबलावर ठेवल्या. तिथल्या वैद्यकीय अधिकारी बाई आहेत. त्यांनी दोन वह्या चाळल्या आणि विचारले, "यात माझ्यासाठी थांबलेले तास किती?" ताईंनी बेरीज आधीच करून ठेवली होती. अधिकारी बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून बैठक अकराला म्हटली की अकराला सुरू होते. तीन महिने तरी तसे चालले आहे. सकाळचे फोन बंद करण्याबद्दल त्या म्हणाल्या की ते माझ्या हातात नाही, मलाही वरून फोन येतात. तेव्हा आता त्या वह्यांच्या नकला काढून जिल्ह्याला पाठवायच्या आहेत. नकलांचा खर्च कुणी करायचा यावर बैठकीत अर्धा तास गेला, तोही एकीने वहीत लिहून घेतला.